मैलकुलीने पेरलेलं तण

शेषरावाने एकतीस वर्षं सरकारी रस्त्याच्या कडेचं गवत काढलं, आणि निवृत्त झाल्यावर त्याच गवताचं बी पिशवीत भरून घरी आणलं. त्यावरून त्याच्या डोक्याबद्दल लोक जे बोलले ते त्याने आधीच स्वतःला बोलून घेतलं होतं, म्हणून त्याला फारसं लागलं नाही.

तो मैलकुली होता. अमरावतीहून दर्यापूरकडे जाणाऱ्या रस्त्याचा आठ किलोमीटरचा तुकडा त्याच्याकडे. खड्डे बुजवायचे, मोऱ्यांतला गाळ काढायचा, किलोमीटरच्या दगडांना चुना लावायचा आणि डांबराच्या दोन्ही बाजूंना जे काही हिरवं डोकं वर काढेल ते उडवायचं. हे शेवटचं काम त्याला सगळ्यांत चांगलं जमायचं. साहेबाची जीप जाईल तेव्हा साईडपट्टी नुकतीच दाढी केल्यासारखी दिसली पाहिजे, असं तो म्हणायचा. साहेबाने जीप थांबवून ती कधी पाहिली नाही, ही गोष्ट वेगळी.

अमरावतीच्या कडेला, वलगाव रस्त्यापासून थोडं आत, त्याचं तीन खोल्यांचं घर. घरामागे बारा फूट रुंद आणि अठरा फूट लांब मोकळी जागा. तिथे भिंतीच्या कडेने त्याची बायको माणिकबाई दरवर्षी भोपळ्याचा वेल लावायची. वेल जोरात यायचा, पिवळी फुलं यायची, मादी फुलाच्या मागे लिंबाएवढा भोपळा दिसायचा, आणि चार दिवसांत तो पिवळा पडून गळायचा. मग माणिकबाई रोज सकाळी नर फूल तोडायची, त्याच्या पाकळ्या सोलायची आणि मधला दांडा मादी फुलात फिरवायची. तेव्हा कुठे भोपळा धरायचा. तीन वर्षं तिचं हे चाललं होतं. नोकरी संपून नवरा घरी बसला, आणि पोळ्याच्या सुमारास एका सकाळी तिने हातातलं फूल त्याच्यासमोर धरलं.

"माश्या कुठी गेल्या सांगा बरं? हे काय माह्यं काम हाये?"

शेषरावाला उत्तर माहीत होतं. त्याने चहा पिऊन टाकला. एकोणीस नंबरच्या दगडाजवळ एक मोरी होती. तिथे भाद्रपदात तरोटा, ज्याला कुणी टाकळा म्हणतात, आणि कुरडू कमरेएवढे उभे राहायचे आणि त्यांच्यावर मधमाश्या इतक्या, की कापायच्या आधी त्याला तोंडाला दुपट्टा बांधावा लागे. तो बांधायचा आणि कापायचा. पुढच्या वर्षी पुन्हा बांधायचा आणि पुन्हा कापायचा. जिल्ह्यातल्या सगळ्या माश्या आपण पळवल्या असं म्हणण्याइतका तो स्वतःला मोठा समजत नव्हता. पण आपल्या तुकड्यापुरतं काम चोख झालं होतं, एवढं त्याला मनात कबूल करावं लागलं. आणि मग असंही लक्षात आलं की एकतीस वर्षांत आपण काढलं ते पुष्कळ, उगवलं मात्र काहीच नाही.

दिवाळीनंतर मुलाने विषय काढला. योगेश नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात आहे. त्याने जुनी पण चांगली गाडी घेतली होती, ती गल्लीत उभी राहायची आणि जाता-येता म्हशी तिला अंग घासायच्या. मागच्या जागेत सिमेंटचे गट्टू बसवायचे, फाटक रुंद करायचं आणि गाडी आत घ्यायची, असं त्याने ठरवलं होतं. शेषराव म्हणाला, त्या जागेत मी फुलं लावणार आहे. योगेशने विचारलं, कोणती. झेंडू म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती.

"तरोटा," शेषराव म्हणाला. "अन् कुरडू."

सून वर्षाली पदर तोंडाला लावून आत गेली. आतून तिचं हसणं बराच वेळ ऐकू येत होतं. योगेश हसला नाही. तो समजावण्याच्या सुरात म्हणाला, "बाबा, तरोटा लावा लागत नाही. तो आपोआप येते."

या वाक्यात सगळं ज्ञान होतं, हे शेषरावाला आठ महिन्यांनी कळलं. त्या वेळी त्याला फक्त राग आला. आपोआप येणाऱ्या गोष्टीवर त्याचा विश्वास नव्हता. त्याने आयुष्यात जे जे पाहिलं होतं ते कुणीतरी घाम गाळून केलेलं होतं, आणि बहुतेक वेळा तो घाम त्याचाच होता.

बोलणं वाढलं आणि शेवटी एका करारावर थांबलं. येत्या दसऱ्यापर्यंत जागा बापाची. तोवर कुणाचाही हात न लागता वेलाला एक तरी भोपळा धरला, तर योगेश गट्टूचं नाव काढणार नाही. नाही धरला, तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गट्टूवाला येईल आणि शेषराव तोंडातून चकार शब्द काढणार नाही. माणिकबाई या कराराची साक्षीदार होती. तिला भोपळा हवा होता. जागा राहिली काय आणि गेली काय, असं ती वरून दाखवायची.

तरोट्याच्या शेंगा वाळल्या तसा शेषराव सवारीच्या जीपमध्ये बसून आपल्या जुन्या तुकड्यावर गेला. रस्ता रुंद झाला होता, कडा यंत्राने खरवडल्या होत्या. एकोणीस नंबरच्या मोरीच्या पोटाशी, जिथे यंत्राचा हात पोचला नाही, तेवढ्यात थोडं उरलं होतं. तो वाकून शेंगा तोडू लागला. शेजारच्या तुकड्याचा मैलकुली सहदेव तिथल्याच गावचा. तोही निवृत्त झालेला. तो येऊन मोरीच्या कठड्यावर बसला.

"काय काढून राहिला बे?"

"बी."

"कायचं?"

"तरोट्याचं."

सहदेवने तंबाखू मळून होईपर्यंत विचार केला. "साहेबानं परत बोलावलं काय तुले? काढलेलं सारं जाग्यावर लावून दे म्हणे?"

प्रश्न बरोबर होता. शेषराव शेंगा तोडत राहिला. सहदेवने पिशवी धरायला मदत केली, आणि परतीच्या जीपमध्ये बसवून देताना सगळ्या जीपला सांगितलं, की हा माणूस तरोट्याची शेती करणार आहे, कोणाला भागीदारी पाहिजे असेल तर बोला. अमरावती येईपर्यंत दोघांनी विचारलं.

उन्हाळ्यात त्याने जागा तयार केली. ती कशी केली हे सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातच आहे. त्याने हातभर खोल खणलं. माती चाळून खडे वेगळे केले. ढेकळं फोडली. दोन टोकांना खुंट्या मारून सुतळी ताणली आणि जमीन तिच्या खाली-वर एक बोटही होऊ दिली नाही. वरून पाणी शिंपडलं आणि शेजारच्या बांधकामावरून धुम्मस आणून सगळी जमीन ठोकून बसवली. मधे चार बोटं उंच, आणि दोन्ही बाजूंना एकसारखा उतार. उतार कशासाठी, असं कुणी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की पाणी थांबू नये म्हणून. एकतीस वर्षं पाणी हा त्याचा वैरी होता. थांबलं की खड्डा पडतो. फुलझाडाला पाणी थांबून मुरलेलं हवं असतं, हा विचार त्याच्या डोक्यात आला नाही असं नाही. तो उशिरा आला.

अकरा दिवसांनी काम पुरं झालं तेव्हा त्याची कंबर धरली होती आणि छाती फुगली होती. त्याने माणिकबाईला उंबऱ्यावर आणून उभं केलं. तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"याच्यावरून बस जाईल," ती म्हणाली आणि आत गेली.

मृगात त्याने बी रेतीत मिसळून फोकून पेरलं. पाऊस चांगला झाला. आठवडाभर तो रोज छत्री घेऊन मागच्या दारात स्टुलावर बसला आणि मधल्या उंचवट्याकडे पाहत राहिला. तिथे काही उगवलं नाही. दुसऱ्या आठवड्यातही नाही. जमीन धुऊन पुसून ठेवल्यासारखी चकचकीत होती. उगवत होतं ते दोन्ही कडांना, भिंतीच्या बुडाशी, नालीच्या तोंडाशी. दाट, हिरवंगार. आणि दर सोमवारी शेषराव खुरपं घेऊन खाली बसायचा आणि कडा साफ करून पुन्हा स्टुलावर जाऊन बसायचा. तीन सोमवार त्याने हे केलं. नोकरीत सोमवार साईडपट्टीचा असायचा, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

श्रावणात योगेशने गट्टूवाल्याला नुसतं माप घ्यायला बोलावलं. तो माणूस मोजपट्टी घेऊन मधे उभा राहिला, टाचेने जमीन ठोकून पाहिली, खाली बसून एक डोळा मिटून उतार पाहिला.

"बेस कोणी केला हा?"

योगेशने बापाकडे बोट केलं.

"लय झकास, काकाजी. खाली काहीच करा लागत नाही. उद्या गट्टू टाकले तरी चालते." मग जरा थांबून त्याने विचारलं, की काकाजी रिकामे असतील तर माझ्या कामावर येतील काय.

योगेशने मान खाली घातली. तो हसत होता की नाही ते शेषरावाने पाहिलं नाही. त्याने त्या क्षणी पहिल्यांदा गट्टूवाल्याच्या डोळ्याने आपली जागा पाहिली. मधे उंचवटा. दोन्हीकडे उतार. उतारावरून वाहून कडेला गेलेलं बी. कडेला उगवलेलं, आणि कडेचंच म्हणून उपटलेलं. गट्टूवाला गेल्यावर तो कोपऱ्यातल्या ढिगाजवळ गेला आणि तीन सोमवारचं वाळलेलं तण चिवडू लागला. तरोटा होता. कुरडू होता. एकूण एक आपलाच होता. ओळखलं नव्हतं असं नाही. चांगलं ओळखूनच काढलं होतं. तरोटा ओळखायचा तो काढण्यासाठी, हे हाताला पाठ होतं. या वर्षी तो पेरला आहे, हे हाताला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी तो जेवला नाही. उपाशी राहून काही उगवत नाही हे त्याला माहीत होतं, पण जेवूनही उगवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने टिकाव घेतला आणि स्वतः अकरा दिवस खपून केलेला रस्ता दोन दिवसांत फोडला. फोडताना काम किती पक्कं झालं होतं हे त्याला कळलं आणि त्याही अवस्थेत जरा बरं वाटलं. वाहून गेलेलं बी नालीच्या तोंडाशी गाळात अडकलं होतं. तो गाळ त्याने घमेल्याने भरून आणून वर फेकला. पसरवला नाही, नुसता फेकला. ढेकळं तशीच ठेवली, खळगे तसेच ठेवले. ओबडधोबड काम मुद्दाम करणं ही त्याच्या आयुष्यातली पहिलीच वेळ. नंतर तो फावडं घेऊन जरासं सारखं करायला वळला, तेवढ्यात माणिकबाईने फावडं काढून घेतलं. सुतळी चुलीत घातली. खुरपं आपल्या ट्रंकेत टाकून किल्ली कमरेला खोचली.

"आता काहीच करू नका," ती म्हणाली. "जमन काय तुमाले?"

जमलं नाही, पण त्याने केलं. काही न करण्याचं काम त्याने केलेल्या सगळ्या कामांत जड निघालं. डांबर टाकताना निदान दुपारची सुट्टी असते. इथे सकाळी उठल्यापासून काही करायचं नाही ते दिवस मावळेपर्यंत. हात मांडीवर ठेवले तर बोटं चुळबुळ करायची. मधे गाजरगवत उगवलं, ते मात्र ठेवून चालत नाही, सगळ्यांना गिळून टाकतं. ते उपटायची त्याला परवानगी मिळाली. माणिकबाई शेजारी उभी राहायची आणि तो एकेका रोपाला हात घालण्याआधी तिच्याकडे पाहायचा. तिने मान हलवली की उपटायचं. मस्टरवरच्या साहेबानेही त्याला एवढं धारेवर धरलं नव्हतं.

तरोटा आला. योगेशने सांगितलं होतं तसा, आपोआप. कुरडू आला. कुणी न लावलेली एकदांडी आली आणि रानतुळसही. गुडघ्याएवढं झालं तेव्हा पिवळी फुलपाखरं तरोट्यावर बसू लागली. शेषरावाने माणिकबाईला हाक मारून दाखवली. आठ दिवसांनी त्याच पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या, पानं खात होत्या. तो ताडकन उठला आणि शेजाऱ्याचा फवारणीचा पंप मागायला निघाला. फाटकापर्यंत गेला आणि थांबला. कुणीतरी खायला यावं म्हणूनच हे लावलं होतं. आलं, तर त्याला राग आला होता. तो परत येऊन बसला आणि त्याने त्यांना खाऊ दिलं. पण त्यांच्याकडे पाहिलं नाही.

भाद्रपद संपत आला तेव्हा तरोटा पिवळा झाला, कुरडूला पांढरी-गुलाबी कणसं आली, आणि माश्या आल्या. फार नाहीत. मोजता येतील एवढ्या. त्या कुरडूवर बसायच्या, एकदांडीवर बसायच्या आणि दोन हातांवर उमललेल्या भोपळ्याच्या फुलाकडे ढुंकूनही न पाहता भिंतीवरून निघून जायच्या. शेषराव स्टुलावरून त्यांना पाहायचा. कामावर येऊन, हजेरी लावून, चहा पिऊन गायब होणारी माणसं त्याने पुष्कळ पाहिली होती. एक लहान भोपळा पिवळा पडून गळाला. मग आणखी दोन. मग चार.

घटस्थापना झाली. एकदा जेवताना योगेश वर्षालीला म्हणाला, की गट्टूवाल्याला दसऱ्यानंतरचा दिवस सांगून ठेवला आहे. शेषरावाने ताटातून वर पाहिलं नाही.

तिसऱ्या माळेच्या दिवशी पहाटे तो मागे गेला. कुणी उठलं नव्हतं. एक मादी फूल नुकतं उमललं होतं. त्याने नर फूल तोडलं, पाकळ्या सोलल्या आणि मधला दांडा मादी फुलात फिरवला, माणिकबाई करायची तसा. घण मारणारा हात होता, त्याला ते नाजूक काम नीट जमेना. एकतीस वर्षांत त्याने न भरलेल्या दिवसाची हजेरी कधी घेतली नव्हती. तापाने फणफणला होता तेव्हाचाही एक दिवस मुकादमाने लावला होता, तो त्याने खोडायला लावला होता. आणि म्हातारपणी भोपळ्यासाठी तो हे करत होता. त्याने सोललेल्या पाकळ्या मातीत पुरल्या, चोरासारख्या, आणि आत येऊन झोपल्याचं सोंग केलं.

दसऱ्याच्या सकाळी योगेशने गल्लीत गाडी धुतली, तिला झेंडूचा हार घातला, आणि मग सगळे मिळून मागे आले. माणिकबाईने ठरल्याप्रमाणे साक्षीदार म्हणून पदर खोचला होता. योगेश वाकून पानं उचलत वेलाबरोबर पुढे सरकला. एक भोपळा संत्र्याएवढा झाला होता. भिंतीकडे दोन. विटांच्या ढिगाजवळ एक. कुरडूच्या गर्दीत एक. पाच. पाचही हिरवे, टणक.

योगेशचा चेहरा उजळला. तो हरला होता आणि त्याला त्याचं वाईट वाटलेलं दिसत नव्हतं. "जिंकले बाबा तुमी," तो म्हणाला. "एकाच्या जागी पाच. मानलं तुमाले."

वर्षालीने शेषरावाच्या हातावर पेढा ठेवला. तो खाल्ला असता तर जागा त्याची होती. दुसऱ्या कुणाला कळायचं काही कारण नव्हतं. त्याने पेढा पुन्हा ताटलीत ठेवला.

"तो मोठा, तो माह्या हातचा हाये," तो म्हणाला. "तिसऱ्या माळेले केला मी. तो धरू नको."

 मग माणिकबाईने उगाच पदर सारखा केला.

"भिंतीकडचे दोन माहे," ती म्हणाली. "पाहवत नव्हतं तुमाले असं बसून राहिलेलं."

शेषराव तिच्याकडे पाहत राहिला. एवढ्यात वर्षाली खाली मान घालून म्हणाली, "मामाजी, त्या विटांपाशी हाये ना, तो मी केला. मोबाईलमध्ये पाहून. कान साफ कराची काडी असते ना, तिनं."

योगेश बापाकडे, आईकडे आणि बायकोकडे आळीपाळीने पाहू लागला. घरातल्या एकूण एक माणसाने त्याला फसवलं होतं, आणि तेही एकमेकांना न सांगता. त्याने बोटं मोजली. एक, दोन, एक. चार झाले.

"मग पाचवा कोणाचा?"

शेषरावाने हजेरी घेतली. नाव घेऊन एकेकाला विचारलं. माणिकबाई म्हणाली, मी दोनच केले, भिंत सोडून पुढच्या गर्दीत माझा गुडघा जात नाही. वर्षाली म्हणाली, एकच, देवीची शपथ. त्याने पुन्हा पहिल्यापासून विचारलं, कारण एकदा विचारून लोक खरं सांगत नाहीत असा त्याचा अनुभव होता. उत्तरं तीच आली. शेवटी त्याने योगेशकडे पाहिलं.

"माह्याकडे काय पाह्यता? मले नर कोणता अन् मादी कोणती हेच समजत नाही."

मग सगळे पाचव्या भोपळ्याकडे गेले. वेलाचा एक फाटा कोणाच्या लक्षात न येता कुरडूत घुसला होता, तिथे तो होता. सगळ्यांत लहान. शेषरावाने गुडघे कटकट वाजवत बसून पानं बाजूला केली. भोपळा एका बाजूने भरला होता आणि दुसऱ्या बाजूने आत गेला होता, वाकडातिकडा. फुलात पुरतं फिरायच्या आधीच कुणीतरी उठून गेलं होतं, हे उघड होतं. त्याच्या हाताखालच्या मजुराने असं काम केलं असतं तर शेषरावाने ते त्याच्याकडून पुन्हा करून घेतलं असतं.

त्याने तो भोपळा खालून, वरून, दोन्ही बाजूंनी पाहिला. योगेश मागे उभा होता. हातात मोबाईल होता आणि गट्टूवाल्याचा नंबर लावायचा की नाही यासाठी तो बापाच्या तोंडाकडे पाहत होता.

"काम कच्चं हाये," शेषराव म्हणाला. "पण आपल्यातल्या कोणाचं नाही."

योगेशने मोबाईल खिशात ठेवला.